नखाएवढा पहारेकरी

भिलाईचे नाव निघाले की डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती भव्यता. १९५५ साली सोविएत संघाशी झालेल्या करारातून दुर्गजवळच्या माळावर पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा या नगरीसंबंधी बोलताना बोटाच्या नखाएवढ्या वस्तूचा विषय काढणे कोणास विसंगत वाटेल. परंतु मोठ्या यंत्राची सुरक्षितता पुष्कळदा लहान यंत्राच्या जागरूकतेवर अवलंबून असते.

झोतभट्टीतून वितळलेल्या लोखंडाबरोबर वायूही बाहेर पडतो आणि त्यात सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. इंधन म्हणून तो उपयुक्त आहे. पण त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने त्याला जवळ करते. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात याच वायूच्या गळतीने सहा जणांचे प्राण घेतले. बंद खोलीत पेटत ठेवलेली कोळशाची सिगडीही हाच वायू निर्माण करते. जिथे नाक निरुपयोगी ठरते तिथे पहारा यंत्रानेच केला पाहिजे. असे पहाऱ्याचे यंत्र आज शाळेतील विद्यार्थीही जुळवू शकतो. ते कसे चालते आणि त्यावर विश्वास कितपत टाकावा, हे दोन्ही प्रश्न समजून घेण्याजोगे आहेत.

या यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात सूक्ष्मनियंत्रक. गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणारे पाय, हे सर्व एकाच चिपवर असणे हे त्याचे वैशिष्ट्य. अमेरिकेतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७४ साली अशी चिप बाजारात आणली. १९८० साली इंटेलची ८०५१ आली आणि ती पुढे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत स्थिरावली. तथापि सामान्य जिज्ञासूच्या हाती हे साधन आले ते २००५ नंतर. त्या वर्षी इटलीतील इव्रेआ गावच्या एका संस्थेत, यंत्रशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आर्डुइनो नावाची सोपी पाटी तयार झाली. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांतून ज्या प्रयोगशाळा निघाल्या, त्यांतही अशा पाट्या मुलांना हाताळावयास मिळतात.

आर्डुइनोच्या परिचित पाटीवरील चिपची कार्यस्मृती अवघी २०४८ बाईटांची असते. देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास प्रचलित पद्धतीत तीन बाईट लागतात, हे ध्यानी घेतले तर या लेखाचा एखादा परिच्छेदच काय तो तीत मावेल. एवढ्याशा जागेत जी आज्ञावली काम करते ती कधी संपत नाही. मोजणे, पडताळणे, आज्ञा देणे आणि पुन्हा मोजणे असे तिचे चक्र वीज असेपर्यंत फिरत राहते. रहाटाला बांधलेल्या बैलासारखी तिची फेरी असते, आणि ही फेरी मधेच अडली तर काय, हा या विद्येतील पहिला गंभीर प्रश्न होय.

वायू ओळखण्यासाठी स्वस्त मिळणारा एमक्यू-७ हा संवेदक घेऊ. त्यात तप्त केलेल्या टिन ऑक्साइडचा थर असतो. कार्बन मोनॉक्साइड वाढला की त्या थराचा विद्युत्-रोध घटतो, पुढील रोधकावरील दाब वाढतो, आणि चिप त्या दाबाचे रूपांतर ० ते १०२३ या दरम्यानच्या आकड्यात करते. आकडा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की घंटा वाजवावी, इतकेच काम आहे असे नवशिक्याला वाटते, आणि इथेच खरे शिक्षण सुरू होते.

हा संवेदक ६० सेकंद ५ व्होल्टवर तापवावा लागतो आणि नंतर ९० सेकंद १.४ व्होल्टवर ठेवावा लागतो. भरवशाचे मोजमाप या दुसऱ्या अवस्थेच्या शेवटी मिळते. म्हणजे अडीच मिनिटांतून एकदाच उत्तर. घरगुती सूचकांसाठी असलेल्या युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत इशारा मिळाला पाहिजे. हाताशी उरतो तो अर्धा मिनिट! उलट ५० भागांच्या प्रमाणास तेच मानक ६० ते ९० मिनिटांचा अवधी देते. म्हणून यंत्राने केवळ आताचा आकडा पाहून भागत नाही. किती वायू किती काळ होता याचा हिशेब त्याला ठेवावा लागतो.

नवशिका आज्ञावलीत ‘९० सेकंद थांब’ असे लिहितो. त्या ९० सेकंदांत चिप इतर कशाकडेही पाहत नाही; तपासणीचे बटण दाबले तरी तिला कळत नाही. जाणता मनुष्य तिला थांबवत नाही. तो प्रत्येक फेरीत घड्याळ पाहावयास लावतो आणि वेळ भरली असेल तरच पुढचे पाऊल टाकावयास सांगतो. शिवाय चिपमध्येच ‘वॉचडॉग’ नावाचे एक स्वतंत्र घड्याळ असते. आज्ञावलीने ठराविक अवधीत, या चिपमध्ये फार तर सुमारे आठ सेकंदांत, आपण जागे असल्याची खूण त्याला दिली नाही, तर ते सारे काम मुळापासून पुन्हा सुरू करते.

सर्वांत फसवा दोष मात्र याहून साधा आहे. संवेदकाची तार तुटली तर चिपला आकडा मिळतो शून्य. आणि भोळी आज्ञावली शून्याचा अर्थ ‘हवा निर्मळ’ असा घेते. पहारेकरी मेलेला असतो आणि त्याची शांतता आपण क्षेमाची खूण समजतो. म्हणून निर्मळ हवेतही जो किमान आकडा यावयास हवा, त्याच्या खाली गेलेले मोजमाप दोष म्हणून जाहीर झाले पाहिजे. घंटेची तार, विजेचा पुरवठा, संवेदकाची तापणी यांपैकी काहीही बिघडले तर यंत्राने ते कळवावे. बिघाड हीदेखील वार्ताच आहे.

घरी जुळवलेले असे यंत्र प्रमाणित सूचकाची जागा घेऊ शकत नाही. ज्ञात प्रमाणाच्या वायूवर त्याची पारख झालेली नसते, आणि वर्षानुवर्षे ते कसे वागेल याची कसोटीही झालेली नसते. जिथे माणसाचा जीव पणाला लागतो तिथे पारखलेले उपकरणच हवे. मग या खटाटोपाचे मोल काय? ज्याने एकदा स्वतःच्या हाताने तार तोडून आपले यंत्र शुद्ध हवेची खोटी ग्वाही देताना पाहिले, तो पुढे कोणत्याही यंत्राच्या हिरव्या दिव्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. ‘हे बंद पडले तर मला कसे कळेल?’ हा प्रश्न तो विचारतो. भिलाईसारख्या नगरीत, जिथे आजचे विद्यार्थी उद्याचे अभियंते होतात, त्या प्रश्नाची सवय लहानपणी लागणे ही काही शेकड्यांच्या साहित्यातून मिळालेली फार मोठी कमाई होय.