भुईमूग आणि रोडावलेलें मूल

भुईमूग पिकविणारा आपला शेतकरी तेलाचा उतारा आणि बाजारभाव यांचा हिशेब करतो. याच शेंगेनें मरणाच्या दारीं गेलेलीं मुलें परत आणिलीं आहेत, हें त्याच्या कानीं क्वचितच आलेलें असतें.

अतिशय रोडावलेल्या मुलास पूर्वीं इस्पितळांतच ठेवावें लागे. तेथील औषधी दूध पाण्यांत कालविलें कीं लवकर नासे. आणि मजुरी बुडवून आईनें तेथें रहावें तरी किती दिवस? 1996 सालीं फ्रान्समधील आंद्रे ब्रिआँ व मिशेल लेस्कान यांनीं शेंगदाण्यांचा लगदा, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वें व क्षार यांचें घट्ट मिश्रण सिद्ध केलें. त्यांत पाण्याचा अंश जवळजवळ नसल्यानें जंतु वाढत नाहींत. तें शिजवावेंही लागत नाहीं. 92 ग्रॅमांच्या पुडींत सुमारें 500 कॅलरी असतात. 2005 सालच्या नायजर देशांतील टंचाईंत 60,000 हून अधिक मुलांवर या अन्नानें उपचार झाले, आणि 2007 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें घरच्या घरीं उपचार करण्याची ही रीत मान्य केली. घरच्या दाण्याच्या कुटानें मात्र तें काम होणार नाहीं. मिश्रणांतील दूध व क्षार मोजून घातलेले असतात.

आपल्या शेतांत येणाऱ्या मजूर बायांचीं मुलें बांधावर खेळत असतात; त्यांजकडे नीट पहावें. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरांहून कमी भरला, तर धोका मोठा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहिला, तरीही तितकाच. ही सूज होय. तिला बाळसें समजून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात! अशा वेळीं अंगणवाडीस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावें.

भूक शाबूत असून दुसरा आजार नसेल, तर देखरेखीखालीं घरीं उपचार होतो. जें मूल खातच नाहीं, त्यास इस्पितळ हवेंच. दयेपोटीं त्यास एकदम पोटभर जेवूं घालणें घातक ठरतें, कारण क्षीण झालेलें हृदय तो भार सोशीत नाहीं. तेथें प्रथम पातळ औषधी दूध दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही, थोडें थोडें देतात व अंग उबदार ठेवतात. तेवढे दिवस मालकानें आईची मजुरी चालूं ठेवावी; नाहीं तर ती उपचार अर्धा टाकून कामावर येते.

आतां पिकाविषयीं. ओल्या शेंगांवर बुरशी धरते व तिच्यांतून ॲफ्लाटॉक्सिन हें यकृतास मारक विष उत्पन्न होतें. म्हणून काढणीनंतर शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत वाळवाव्या, आणि फोडणें सोपें जावें म्हणून त्यांवर पाणी शिंपडण्याची खोड सोडावी.