बोटांची जाण

भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला, तर तो झटकन वर येतो. वस्तू उचलण्यापूर्वीच मेंदू पूर्वानुभवावरून तिच्या वजनाचा अंदाज बांधतो व तेवढे बळ हातास देतो. तांब्या ओला असून निसटू लागला, तर बोटांच्या त्वचेतील मज्जातंतू ती वार्ता धाडतात, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आपोआप घट्ट होते.

ही वार्ताच बंद पडली तर? वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी कुष्ठधाम स्थापन केले. या रोगात हातांच्या मज्जातंतूंना इजा होऊन बोटे बधिर होतात. मग स्नायूंत बळ असले, तरी पकड किती आवळली हे रोग्यास उमगत नाही. तो खुरपे वाजवीपेक्षा जोराने धरतो. तळव्यास फोड येतो, पण वेदनाच नसल्याने हात थांबत नाही. बोटे झिजतात ती बहुधा अशा दुर्लक्षित जखमांनी; ती आपोआप झडतात ही समजूत चुकीची आहे.

आज औषधांनी हा रोग बरा होतो. मात्र उशीर झाल्यास गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. म्हणून खुरप्याच्या मुठीस जाड कापड गुंडाळतात, आणि काम संपताच तळवे डोळ्यांनी तपासून पाहतात.