तीस सेकंदांचा निवाडा

नागपुरातील मनीषनगरच्या ज्या घरांमागून नागपूर-वर्धा लोहमार्ग जातो, तेथे रात्रीच्या मालगाड्यांचा खडखडाट कोणी फारसा मनावर घेत नाही. परंतु मिहान या उद्योगक्षेत्रातील कंपन्यांत रात्रपाळी करून, उन्हे चढल्यावर पडदे ओढून निजणाऱ्या तरुणांचा भरणा या वस्तीत होत गेला, तसा झोप हा घराघरांतील चिंतेचा विषय झाला आहे. अशा चिंतेपोटी जो मनुष्य डॉक्टरांकडे जातो, त्याला पुष्कळदा ‘स्लीप स्टडी’ करून घेण्यास सांगितले जाते. आणि त्या एका रात्रीच्या दप्तराचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याजोगे आहे.

रुग्ण निजण्यापूर्वी तंत्रज्ञ त्याच्या नाकाच्या मुळापासून डोक्यामागील उंचवट्यापर्यंत टेपने मोजमाप घेतो, ठरावीक अंतरांवर पेन्सिलीने खुणा करतो, तेथील त्वचा घासून स्वच्छ करतो आणि चिकट लेप लावून धातूच्या चिमुकल्या वाट्या बसवतो. डोळ्यांच्या कडांशी व हनुवटीवरही तारा लागतात, छातीला पट्टा येतो, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी येते. डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचणारा मेंदूचा विद्युत्-दाब व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतकाच असतो. तो मनुष्याच्या डोक्यावरून प्रथम टिपला जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली.

पुढे शिकागोत १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी, मिटल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात ती ‘रेम’ निद्रावस्था इतरांहून निराळी आहे, असे दाखवून दिले, आणि १९६८ मध्ये रेख्टशाफेन व केल्स यांनी निद्रावाचनाची, म्हणजे आलेख वाचून निद्रेची अवस्था ठरवण्याची, नियमावली सिद्ध केली. कागदी आलेखाचे एक पान सेकंदास दहा मिलिमीटर या गतीने तीस सेकंदांत भरत असे. कागद गेला, पण ते तीस सेकंद राहिले. आठ तासांच्या निद्रेची अशी ९६० पाने होतात, आणि प्रत्येक पानावर जागृती, क्रमाने गाढ होत जाणाऱ्या एन-१, एन-२, एन-३ वा रेम यांपैकी एकच शिक्का मारावा लागतो.

हा शिक्का मारणे वाटते तितके सरळ नाही. सेकंदास अकरा ते सोळा कंपनांची, किमान अर्धा सेकंद टिकणारी आणि मध्ये फुगून टोकांना निमुळती होणारी ‘स्पिंडल’ नावाची लहर दिसली, की एन-२ मानावे. मंद आणि उंच लहरींनी पानाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सहा सेकंद, व्यापला, तर एन-३ मानावे. साडेपाच सेकंद व्यापला तर? नियमाप्रमाणे ते एन-२ च; मेंदूला मात्र या हद्दीची वार्ताही नसते. अडीच हजारांहून अधिक वाचकांच्या निवाड्यांची रुजुवात २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची सहमती सरासरी ८२.६ टक्के भरली, आणि जागृती व निद्रा यांच्या उंबरठ्यावरील एन-१ पुरती तर ती ६३ टक्केच होती.

हे शिक्के मारण्याचे काम संगणकी यंत्राकडूनही करून घेतात; त्याला शिकवायचे ते याच निवाड्यांवरून. आरंभी लहरींची कंपने, उंची इत्यादी लक्षणे माणसे निवडून देत. आता मूळ आलेखच यंत्रापुढे ठेवतात व लक्षणे ते स्वतः हुडकते, शिवाय मागच्या-पुढच्या पानांचा क्रमही ध्यानात घेते. स्टॅनफर्ड येथील मिन्यो यांच्या गटाने सुमारे तीन हजार रात्रींच्या नोंदींवर केलेले काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील यंत्र एकच शिक्का न मारता, या पानात एन-२ इतके टक्के, रेम इतके टक्के, अशी संभाव्यता मांडते. नार्कोलेप्सी या व्याधीत निद्रेच्या अवस्था एकमेकींत मिसळतात, आणि यंत्राच्या या दोलायमानतेवरूनच ती व्याधी ओळखता येते, असे त्या गटास आढळले. जी अनिश्चितता आपण वाचकाचा दोष समजून पुसून टाकीत होतो, तीत रोगाचा पुरावा होता, ही गोष्ट मला यंत्राच्या वेगाहून फार मोलाची वाटते.

आपल्याकडे या कामाची निकड किती, याचा दाखला मुंबईत मिळतो. हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून, त्यांपैकी २५० जणांच्या निद्रेची नोंद त्यांच्या घरीच घेतली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निद्रेत श्वास अडखळण्याचा विकार १९.५ टक्के, आणि त्यासह दिवसा झोपेची गुंगी असणारे ७.५ टक्के ठरले. इतक्या लोकांच्या रात्री वाचण्यास तज्ज्ञ पुरणार नाहीत, तेथे यंत्राचे साह्य घ्यावेच लागेल. परंतु ज्या सार्वजनिक संग्रहांवर ही यंत्रे शिकतात, ते बहुतांशी अमेरिका व युरोप येथील आहेत, आणि रात्रपाळीनंतर विदर्भाच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत भर दुपारी घेतलेली झोप त्यांत सापडणे कठीण.

म्हणून मिहानमधील एम्स, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अभियांत्रिकी संस्था यांनी मिळून, रुग्णांच्या लेखी संमतीने व नावे वगळून, नागपूरचा स्वतःचा संग्रह उभारावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. प्रत्येक नोंद दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचावी; आणि जेथे त्यांची मते जुळणार नाहीत, तेथे वरिष्ठांकडून एकच निकाल कायम करून घेऊन दुसरा खोडू नये, तर दोन्ही शिक्के त्या पानावर जसेच्या तसे ठेवावेत.