फुकट खणणारी पोरं आणि पूर्ण बिल

नेऱ्यातून बोलतोय. एपिसोडमध्ये मागे जेसीबीचा आवाज आहे, तो काही मला काढता आला नाही. पण विषयही तोच आहे. पाया खणताना जुनी खापरं निघाली तर पुढे काय होतं?

इंग्लंडमध्ये 1990 साली सरकारी धोरण आलं: जो बांधणार, त्यानेच आधीच्या उत्खननाचा खर्च उचलायचा. मग खणणाऱ्या कंपन्या आल्या, टेंडरं आली, आणि टेंडर म्हटलं की कमी रेट. तिथूनच भांडण सुरू झालं. बिल्डरला पूर्ण बिल लावायचं आणि खड्ड्यात उतरवायची शिकाऊ पोरं? तिथल्या पुरातत्त्वज्ञांच्या व्यावसायिक संस्थेचं म्हणणं स्पष्ट आहे: स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही.

मला माझी इंटर्नशिप आठवली. माझे तास क्लायंटला बिल झाले, मला सर्टिफिकेट मिळालं. असो.

शिकाऊ असणं वाईट नाही हां. आपल्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातल्या इनामगावला 1968 ते 1983 उत्खनन केलं. तिथे कुणा बिल्डरला जागा मोकळी करून द्यायची घाई नव्हती. काम संशोधनाचं होतं. शिकायचं तर असंच.

आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. बाकीच्या जमिनीचं काय? राजापूरजवळचं बारसू बघा. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव विचारत, पायी फिरून नोंदवली. 2022 मध्ये त्यातली काही ठिकाणं, बारसू धरून, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच बारसूत रिफायनरीचा प्रस्ताव आला आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं.

म्हणजे जागेवर काय आहे हे जगाला कळलं ते हौशी माणसांच्या पायपिटीमुळे. माझ्या मते असा सर्व्हे हा प्रकल्पाचाच खर्च असायला हवा. हजारो कोटींच्या बजेटमध्ये तेवढी एकच ओळ फुकट कशी?

तुम्हाला कुठे साइटवर बोलावलं तर जरूर जा. पण आधी विचारा: उत्खननाची परवानगी कुणाच्या नावावर आहे, शिकवणार कोण, अपघात झाला तर खर्च कुणाचा, रिपोर्टमध्ये आपलं नाव येणार का. आणि हो, या कामाचे पैसे कुणाला मिळतायत तेही.