छपराची अक्षरे

आमचा पाच वर्षांचा नातू घरी मराठी बोलतो आणि बडोद्यातल्याच एका गुजराती बालमंदिरात जातो. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत तो घडाघडा म्हणे; पण 'म' कोणता ते दाखव म्हटले की गप्प! मी एकदा त्याच्यावर चांगलाच रागावलो. (पाठ करवून घेणारा मीच होतो, हे सोयीने विसरून!)

शेवटी बाईंनी मलाच वर्गात नेऊन बसवले. काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यांवर चिकटवलेली. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि तोंडाने त्याच अक्षराचा उच्चार करीत. युक्ती माँटेसोरीबाईंची. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढून ती गुजरातीत रुजवली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडकांनी पुढे मराठी मुलांपर्यंत नेली. बाईंनी आरंभ केला होता तो ग, म, न या सारख्या वळणाच्या अक्षरांपासून.

घरी येऊन मी पाटीवर बाळबोधीत 'नमन' लिहिले. नातवाने बोट फिरवले, आणि तो अडखळला.

"आजोबा, ह्यांना छप्पर कशाला?"

गुजरातीला शिरोरेघ नसते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते! त्याने अंगठ्याने रेघ पुसली आणि वाचले, "न...म...न. नमन!"

मी रेघ पुन्हा ओढली. त्याने पुन्हा वाचले.