आधी प्रत, मग दुरुस्ती

सोलापुरी चादर विणणारा जुना जॅकार्ड माग चालताना पाहिला, तर त्याच्या माथ्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ फिरताना दिसते. एक कार्ड म्हणजे कापडातला एक आडवा धागा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि अशा शेकडो कार्डांतून चादरीवरची वेलबुट्टी उमटते.

ही माळ दोन प्रकारे बिघडते. एखादे कार्ड फाटते, मग तेवढा धागा चुकतो. किंवा कार्डे ओवलेली दोरी तुटते. मग कार्डे सगळी धड असतात, पण त्यांचा क्रम हरवतो. हार्ड डिस्क ‘करप्ट’ झाली असे म्हणतात तेव्हाही यांपैकी नेमके काय झाले, हे आधी ओळखावे लागते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीच्या उपायाने वाचू शकणारी माहितीही हातची जाते.

माग आणि डिस्क यांचे नाते तसे दूरचेही नाही. हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी भोकांच्या कार्डांवर माहिती साठवली. त्यांची कंपनी पुढे ज्या आयबीएममध्ये सामावली, त्याच आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावायची जेमतेम ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तेवढी जागा घेतो.

डिस्कच्या तबकडीवर माहिती ‘सेक्टर’ नावाच्या छोट्या कप्प्यांत असते. एकच फाइल अनेक कप्प्यांत विखुरलेली असू शकते. कोणत्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, याची नोंदवही डिस्कवरच वेगळी ठेवलेली असते. कार्डे ओवणारी दोरी ती हीच. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ या रचनेत नोंदवहीतला प्रत्येक बदल आधी टिपून ठेवला जातो. त्यामुळे काम चालू असताना लाईट गेली तरी नोंदवही बहुतेक वेळा सावरते. पण हे संरक्षण नोंदवहीपुरतेच आहे, फाइलमधल्या मजकुराला ते मिळत नाही. म्हणूनच वीज आल्यावर हिशेबाची फाइल जागेवर दिसते, नाव बरोबर, आकारही बरोबर, आणि उघडली तर आत काहीच नाही. पेनड्राइव्ह व कॅमेऱ्याच्या कार्डांवर सहसा वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सफॅट’ रचनेत तर ही आगाऊ टिपणेही नसतात. पेनड्राइव्ह उपसून काढला की फोल्डर बिघडतात ते त्यामुळे.

अशा वेळी बहुतेकांचा हात ‘चेकडिस्क’कडे जातो. विंडोजसोबतच येणारे हे साधन उपयोगी आहे, पण ते दुरुस्त करते नोंदवही. आपली फाइल पूर्ववत करणे हे त्याचे काम नाही. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही, ते बिनधनी मालासारखे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले जातात आणि त्यांना आकड्यांची नावे दिली जातात. नुसते चालवले तर चेकडिस्क फक्त तपासून सांगते. ‘एफ’ हा पर्याय जोडला की नोंदी बदलू लागते. ‘आर’ जोडला की प्रत्येक कप्पा वाचून पाहते, आणि मोठ्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात.

खरा धोका इथेच आहे. डिस्कची यंत्रणाच थकत आली असेल, तर हे कित्येक तासांचे वाचन तिचे उरलेसुरले आयुष्य संपवते. ‘दुरुस्ती चालू आहे’ असे पडद्यावर दिसत असते आणि आत माल जात असतो. त्यामुळे सुटे भाग, पगारपत्रके, वर्षानुवर्षांची डिझाइन्स अशी माहिती अडकलेली असेल, तर क्रम उलटा हवा. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर तो मान्य करू नये. नोंदवही वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

कार्ड फाटले आहे की दोरी तुटली, याचा अंदाज ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य नोंदीवरून येतो. खराब म्हणून बदललेल्या कप्प्यांची संख्या दिवसागणिक वाढत असेल, तर बिघाड यंत्राचा आहे. ती स्थिर असेल आणि गडबड लाईट गेल्यानंतरच सुरू झाली असेल, तर बहुधा नोंदवहीचा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता संगणक बंद करावा. वाचणारे टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ते घासू लागले, की प्रत्येक फेरीत माहिती खरवडली जाते. अशी डिस्क दुकानातल्या टेबलावर उघडणेही घातकच. धुळीचा एक कणही त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

एसएसडीचे दुखणे वेगळे. तिच्यात फिरणारे काही नसते, पण पुसलेल्या फाइलची जागा ती स्वतःच आतून साफ करून ठेवते. त्यामुळे हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल अनेकदा परत मिळते, एसएसडीवरची क्वचितच.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो काढले आणि घरी येईतो कार्ड वाचेनासे झाले, तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नये. ‘फोटोरेक’ हे मोफत साधन नोंदवहीकडे बघतच नाही. ते थेट कप्पे चाळून फोटोच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधते आणि तिथून पुढचा भाग उचलते. सापडलेले फोटो मात्र त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, संगणकावर साठवायचे. त्यांची नावे आणि फोल्डर गेलेले असतात. मिरवणूक कुठली आणि घरचे वाढदिवस कुठले, हे वेगळे करायला एक दुपार काढावी लागते.