मोटर फिरते, पण दळण होत नाही

आपल्या खानदेशात कळण्याचं दळण टाकलं, मोटर जोरात फिरते, पण दगड मंदावतो आणि रबर जळाल्याचा वास येतो. आमच्या गटाच्या गिरणीतही असंच झालं. मोटर बिघडली, असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात पट्टा घसरत होता.

आधी दाणे कमी सोडा, दगड थोडे सैल करा. तरीही घसरलं, तर मेन स्विच बंद करा आणि चाक पूर्ण थांबू द्या. मग पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. दोन चाकांत मीटरभर अंतर असेल, तर तो साधारण दीड सेंटिमीटर दबावा. जास्त दबला, तर मोटरचे बोल्ट ढिले करून ती मागे सरका आणि बोल्ट पुन्हा आवळा. फार ताणू नका, बेअरिंग जातं.

पट्टा चाकाच्या खाचेत दोन्ही बाजूंनी पकड घेतो. तो झिजून तळाला टेकला, तर बदला. दोन-तीन पट्टे असतील, तर सगळे एकदम बदला. तेल लागलं असेल, तर कोरड्या फडक्याने पुसा.

चालत्या पट्ट्यावर राळ टाकायला कधीही वाकू नका. पदर खोचा, वेणी बांधा, जाळी लावूनच गिरणी सुरू करा. पट्टा नवा मिळतो, हात मिळत नाही.